बाटलीवरचा ससा

३ मार्च, मंगळवार

आले! केस आले! हिच्या डाव्या कानाच्या वर, बोटभर जागेत. हात फिरवून तिनेच सांगितलं, पण मला पटेना. धावत जाऊन दुकानातून भिंग आणलं. कुलूप उघडायलाच वेळ लागला, कारण ही आजारी पडल्यापासून दुकान बंदच आहे. तिला खिडकीशी बसवून बघितलं — खरंच! बारीक, मऊ, पांढुरकी लव. ही म्हणाली, चष्मेवाल्याशी लग्न केल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

मग लगेच शब्दाची आठवण. इस्पितळात उशीवर केसांचे पुंजके निघायला लागले तेव्हा तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं — नवे केस आले की त्यांना लागणारा पहिला शाम्पू मी आणायचा. आणि असा आणायचा, की त्याच्यापायी एकाही जनावराला त्रास झालेला नसेल. जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधत आलेली बाई, दुसरं काय मागणार? त्यात काय एवढं. उद्याच आणतो.

४ मार्च

आणला. बाटलीवर टुणकन उडी मारणारा ससा आहे. वर ऐटीत 'प्राणिमित्र' असं छापलेलं. ऐटीतच तिच्या हातात दिली.

तिने उलटसुलट करून विचारलं, "हा ससा कुणी काढलाय?"

मला वाटलं, चित्रकाराचं नाव विचारतेय. तर तसं नव्हे. ससा कुणीही काढू शकतो म्हणे! चौकशी करून, कागदपत्रं बघून मगच आपलं चिन्ह वापरू देणाऱ्या काही संस्था आहेत. हा ससा त्यांच्यापैकी कुणाचाच नाही, कंपनीने घरच्या घरी काढलेला. मग ससाच का, तेही तिने सांगितलं. सशाला डोळ्यांतून पाणी फार येत नाही. घातलेली वस्तू वाहून जात नाही, डोळ्यात तशीच राहते. म्हणून शाम्पू डोळ्यांना झोंबतो का, हे तपासायला ससा.

मी डोळे तपासून पोट भरणारा माणूस. मला हे माहीत नव्हतं. जेवण काही गेलं नाही.

७ मार्च, शनिवार

आज दुकान उघडलं. धंद्यासाठी नाही, मोठा दिवा आणि चांगलं भिंग तिथे आहे म्हणून. बाटल्यांच्या मागचा मजकूर मुंगीच्या पायाएवढा असतो! दार उघडं दिसलं तशी दोन गिऱ्हाइकं आत आली. एकीच्या चष्म्याची दांडी बसवून दिली. बरं वाटलं.

मग कंपनीला फोन लावला. बाई फार गोड बोलणारी. "आमचं तयार उत्पादन प्राण्यांवर तपासलं जात नाही." मी म्हटलं, तयार उत्पादन नाही, मग त्यात पडणारे पदार्थ? ते बाहेरून येतात. बाहेरचे लोक तपासतात का? तुमची चौकशी पुढे पाठवते. कुणाकडे? पुढे! ताकाला तूर लागू देईना. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावण्यात माझा जन्म गेला, आणि ही मला पहिल्याच ओळीवरून वाटेला लावत होती.

ती पहिली बाटली आता फरशी पुसायला.

९ मार्च

एक गोष्ट डोक्यातून जाईना. हिला ज्या औषधांनी वाचवलं, ती तर आधी उंदरांना दिलेली असणार. विचारू की नको? भाजी निवडत बसली होती, विचारलंच. वाटलं, चिडेल.

चिडली नाही. हातातली भाजी ठेवली आणि म्हणाली, "औषधाला दुसरा इलाज नव्हता. शाम्पूला आहे."

मग मीही भाजी निवडायला बसलो.

१२ मार्च, गुरुवार

दुसऱ्या बाटलीवर संस्थेचं खरं चिन्ह. जिंकलो असं वाटलं! भिंग लावलं तर खाली केराटिन. ते बहुतेक वेळा लोकरीतून, पिसांतून, खुरांतून काढतात. म्हणजे तपासणीसाठी प्राण्याला हात लावला नाही, पण बाटलीत प्राणी आहेच. तिसरीत सगळं झाडपाल्याचं, अगदी मधाचा थेंबसुद्धा नाही — आणि तपासणीबद्दल चकार शब्द नाही. इथेच घोडं पेंड खातं. मी समजत होतो, दोन्ही एकच. एक डोळा मिटला की त्या बाजूचं दिसत नाही, तसं आहे हे.

कोपऱ्यावरचा दुकानदार आधी बाटलीकडे बघतो, मग माझ्या गुळगुळीत डोक्याकडे. आज धीर करून म्हणाला, काका, फरक पडला का? मी म्हटलं, जरा वेळ लागतो.

लेकीने फोनवर हे ऐकून हसून हसून फोन खाली ठेवला. परत केला आणि परत हसली.

१३ मार्च

हिच्या उजव्या कानामागेही आले!

१५ मार्च, रविवार

साबणवाली सापडली. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून आली होती, काउंटरवरच्या बाटल्या बघून विचारलं, हे काय? मी सगळी रामकहाणी सांगितली. ती एका मोठ्या कंपनीत होती, आता शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत स्वतः साबण, शाम्पू करते. मी म्हटलं, तुमच्या मालाला हात लावायच्या आधी प्रश्न विचारणार. विचारा म्हणाली. एकूण एक विचारले. कच्चा माल देणाऱ्यांनी काय लिहून दिलंय ते दाखवलं. एका सुगंधाचं तिला नक्की सांगता येईना, तर म्हणाली, तुम्हाला तो वगळून करून देते. 'माहीत नाही' असं सरळ सांगणारी पहिली व्यक्ती! मला तिला मिठी मारावीशी वाटली. त्याऐवजी चष्मा फुकट दिला.

मग मुख्य प्रश्न. प्राण्यांवर तपासायचं नाही, तर कातडीला झोंबतं की नाही हे कळणार कसं? आजारपणानंतर हिच्या डोक्याची कातडी अजून फार नाजूक आहे. साबणवाली म्हणाली, बराचसा अंदाज पदार्थांवरूनच येतो, मग आधी स्वतःच्या हातावर, मग कुणी आपणहून तयार झालं तर त्यांच्या. मी टोपी काढली.

"हे चालेल का?"

तिने जवळ येऊन बघितलं. म्हणाली, लाली आली तर लगेच दिसेल, इतकी मोकळी जागा आजवर कुणी दिली नव्हती.

१६ मार्च

टकलावर उजव्या बाजूला शाम्पू, डावीकडे नुसतं पाणी. ही दर थोड्या वेळाने भिंग घेऊन येते आणि माझं डोकं तपासते. आयुष्यभर मी लोकांना हनुवटी टेकवून बसवलं, आज माझी पाळी. "हलू नका," म्हणते. फार अधिकाराने म्हणते. मला मजा वाटतेय.

१९ मार्च, गुरुवार

ना लाली, ना खाज. पास!! हिच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनीही पदार्थ वाचून हरकत नाही सांगितलं. लेकीने माझं नाव 'ससोबा' ठेवलंय.

आज दुकानात गर्दी होती. घरी यायला उशीर झाला.

२१ मार्च, शनिवार

फजिती लिहून ठेवायलाच हवी.

उद्या केस धुवायचा मुहूर्त, म्हणून हिच्यासाठी एक सुरेख ब्रश आणला. लाकडी मुठीचा, मऊ, महागातला. कागदात गुंडाळून दिला. तिने त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो, हे डुकराचे केस आहेत."

दिव्याखाली अंधार! इतके दिवस शाम्पूची खालची ओळ वाचत फिरलो आणि ब्रश तसाच उचलला. मी डोक्याला हात लावून बसलो. ही हसायला लागली. इतकी हसली की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसते आणि परत हसते. असं हसणं या घरात किती महिन्यांत ऐकलं नव्हतं! असे दहा ब्रश आणावेत असं क्षणभर वाटलं. अर्थात आणणार नाही. हाही परत करून आलो.

२२ मार्च, रविवार

धुतले!

न्हाणीघरात स्टूल ठेवलं, मीच धुतले. केस पेरभरसुद्धा नाहीत, शाम्पू लागला असेल चमचाभर. फेस मात्र दोघांच्या कपड्यांवर. बारीक स्क्रू बसवतानाही इतकं जपून कधी काही केलं नव्हतं! पाणी ओतलं तेव्हा तिने डोळे मिटले. मी विचारलं, झोंबतंय का? मानेनेच नाही म्हणाली.

डोकं पुसल्यावर आरशापुढे उभी राहिली, डावीकडून, उजवीकडून. रुमाल बांधला नाही. तशीच बाहेर पडली, जनावरांच्या दवाखान्यापर्यंत जाऊन आली. सगळ्यांनी चहा पाजला म्हणे, आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याने डोकं चाटलं. म्हणजे परत धुवावं लागणार! मी फार, फार खूश आहे.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी लेकीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, बाबा, आईचा उपाय लागू पडला म्हणायचा, तुम्ही माणसांत आलात. कुठला उपाय? ती गडबडली. मग हळूहळू सांगितलं. इस्पितळात मी दुकान टाकून उशाशी बसायचो, जेवत नव्हतो, बोलत नव्हतो. तेव्हा आई तिला म्हणाली होती, यांना काहीतरी शोधायला लावते, नाहीतर हा माणूस माझ्याआधी जाईल.

हिला विचारलं. ती डबा भरत होती — दुकानात न्यायचा, माझा.

"म्हणजे सशांचं सगळं खोटंच?"

"ससे खरेच," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही."