तटस्थ हाताची चिठ्ठी

तीर्थरूप आत्या हिस,

इथूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलो नाही. माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये उभा माणूस मावतो, वाकलेला मावत नाही. मनाने वाकलो आहे असं धर.) आतोबांचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का, आणि तू तुझ्या गोळ्या वेळेवर घेतेस की कुणीतरी आठवण करून द्यावी म्हणून रुसून बसतेस, ते कळव. मी ठीक आहे.

निघताना तू बजावलं होतंस की परक्या मुलखात चालला आहेस, तिथल्या लोकांच्या भानगडीत नाक खुपसू नकोस, खाली मान घालून काम कर. आत्या, मी तंतोतंत तसंच वागलो. माझं कामच खाली मान घालून करायचं आहे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी मेणाचे साचे करतो, कवळ्या घडवतो, घासतो आणि पुसून डबीत ठेवतो. तरीही इथल्या नगरपालिकेचा अध्यक्ष मी निवडला. हे तुझ्या कानावर वेडंवाकडं येण्याआधी नीट लिहितो.

झालं असं, की परदेशी माणसांना गावच्या निवडणुकीत मताचा हक्क द्यावा की नाही, असा वाद इथे उपटला. चार महिने सभा झाल्या, पत्रकं निघाली, दोन सख्ख्या भावांनी मधलं कुंपण उंच करून घेतलं. या गावात परदेशी माणूस एकच आहे आणि तो मी. (आणखी एक होता, पण चौकशीअंती तो शेजारच्या जिल्ह्यातला निघाला, नुसता उच्चार विचित्र होता.) त्यामुळे भाषणात 'हे लोक' असं म्हटलं की सगळी सभा वळून माझ्याकडे पाहायची. एकट्याने 'हे लोक' होणं फार अवघड असतं, आत्या. मी शेवटी शेवटी खुर्चीवर जरा पसरून बसायला लागलो.

याच वादावर अध्यक्षपदाला दोघं उभे राहिले. विरोधी बाजूला होते निवृत्त हेडमास्तर. ताठ, सच्चा माणूस, खोटं बोलायचं तर आधी परवानगी मागेल. त्यांचं म्हणणं असं की जो उद्या सामान बांधून निघून जाऊ शकतो, त्याने आजचं ठरवू नये. बाजूने होती आमच्या मागच्या गल्लीतली बेकरीवाली. तिचं म्हणणं, ज्याच्या दारासमोर खड्डा आहे आणि जो रोज त्यात पडतो, त्याला खड्ड्याविषयी बोलू द्यावं. (मी त्या खड्ड्यात दोनदाच पडलो होतो. तिने भाषणात 'रोज' केलं.) मला दोघांचंही पटायचं. ज्याचं ऐकून यायचो त्याचं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पटायचं. हेडमास्तर निवडून आले तर परदेशी कामगारांचे परवाने दर वर्षी नव्याने तपासणार होते, म्हणजे माझा एक परवाना दर वर्षी तपासणार होते, तरीही पटायचं.

आता इथल्या भाषेत परदेशी माणसाला जो शब्द आहे, त्यात 'स' तीनदा येतो. हेडमास्तरांची वरची कवळी जुनी. पहिल्या 'स'ला ती हलायची, दुसऱ्याला टाळू सोडायची आणि तिसऱ्याला पहिल्या रांगेतले लोक मागे सरकायचे. एवढा ज्वलंत मुद्दा, पण सभेत हशा पिकायचा. एके सकाळी ते रुमालात कवळी गुंडाळून माझ्या खोलीत आले आणि तोंडावर हात धरून म्हणाले, "मला तो शब्द नीट म्हणता आला पाहिजे."

मी म्हटलं, "तो म्हणजे मी ना?"

"व्यक्तिशः काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही माणूस चांगले आहात. प्रश्न तत्त्वाचा आहे."

आत्या, मी नवी कवळी केली. वाईट करता आली असती, पण हाताला ते जमत नाही. चार वेळा लावून पाहिली, प्रत्येक वेळी ते माझ्या तोंडावर तो शब्द म्हणायचे आणि मी म्हणायचो, अजून जरा जोरात. पाचव्यांदा इतका स्वच्छ उमटला की आम्ही दोघंही खूश झालो. पुढच्या सभेत त्यांनी तो एकोणीस वेळा वापरला आणि कवळी एकदाही हलली नाही. लोक गंभीर झाले. बेकरीवालीने मला खिडकीतून एवढंच विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?" मी विचार करून सांगतो म्हणालो. ती म्हणाली, तुझा विचार संपेपर्यंत निवडणूक होऊन जाईल. आणि झालीच.

दोघांना चारशे बारा, चारशे बारा. तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना नगरपालिकेचा कारकून रडकुंडीला आला आणि त्याने नियमांचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की मतं समान पडल्यास दोघांनी आपापल्या नावाची चिठ्ठी एका टोपात टाकावी, आणि ज्या व्यक्तीचा निकालाशी काडीमात्र संबंध नाही अशा व्यक्तीने एक उचलावी. आता अशी व्यक्ती आणायची कुठून? मत दिलं त्यांनी बाजू घेतलेली. ज्यांनी दिलं नाही ते दोघांवरही रुसलेले. मुलांना आईबाप होते. तेव्हा कारकुनाने हेडमास्तरांचं छापील भाषण काढून सगळ्यांसमोर वाचलं : "या परदेशी माणसाचं या गावात काय आहे? काहीही नाही. याला आपल्या बऱ्यावाईटाशी काय देणंघेणं? काहीही नाही." वाचून झाल्यावर तो म्हणाला, याहून तटस्थ माणूस कुठे मिळणार?

हेडमास्तर हरकत घ्यायला उठले आणि पुन्हा बसले. स्वतःचंच वाक्य खोडून काढायची त्यांना सवय नव्हती. मला दवाखान्यातून तसंच बोलावलं, हाताला प्लास्टर लागलेलं. मी डोळे मिटले, टोपात हात घातला आणि चिठ्ठी काढली. हेडमास्तर.

टाळ्या पडल्या, पण कशासाठी ते कुणाला ठरवता येईना. पहिल्याच बैठकीत हेडमास्तरांनी ठराव मांडला, की परदेशी माणसाचा निवडणुकीत कोणत्याही प्रकारे हात असू नये. कारकुनाने विचारलं, कधीपासून लागू? मागच्या महिन्यापासून धरलं तर तुम्ही अध्यक्ष नाही, आणि अध्यक्ष नाही तर हा ठराव मांडलेलाच नाही, आणि ठराव मांडलेला नाही तर तुम्ही अध्यक्ष आहात. यावर तीन दिवस चर्चा झाली. त्या तीन दिवसांत हेडमास्तर प्रामाणिकपणे दर वाक्याला खुर्चीवरून उठत आणि बसत होते. अखेर एकमताने असं ठरलं की परदेशी माणसाला काहीही विचारू नये, फक्त गावाला स्वतःला ठरवता येत नसेल तेवढं वगळून.

आणि आत्या, या गावाला काहीच ठरवता येत नाही. बागेतली बाकं हिरवी की तपकिरी, मी. त्या दोन भावांचं कुंपण कोणी उतरवायचं, मी. परवा एक जोडपं पडद्यांची दोन कापडं घेऊन आलं आणि माझे डोळे त्यांनीच बांधले. हेडमास्तरही रोज डोकावतात. काल साचे वाळत घातले होते त्यांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही मला निवडलंत, हे आपण दोघांतच राहू दे." सगळा गाव टाळ्या वाजवत होता, पण मी हो म्हणालो.

तर असं चाललं आहे. आतोबांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. काळजी नसावी, आणि असलीच तर गोळ्या घेऊन करावी.

तुझा,
खाली मान घातलेला भाचा

ता. क. : नगरपालिका मला कायमचा 'तटस्थ हात' म्हणून नेमते आहे. त्यासाठी घरच्या वडीलधाऱ्यांचा दाखला लागतो, की या इसमाला लहानपणापासून कशातही मत नव्हतं. तो तूच देऊ शकतेस. शाळा, कपडे, नोकरी, केसांचा भांग, कशातच मला विचारलं नव्हतं असं स्वच्छ लिही. सही ठसठशीत कर.

ता. क. २ : दाखला पाठवू नकोस. वरचं लिहून दोन दिवस झाले, पाकीट तसंच पडून होतं. खरं ते सांगतो. हेडमास्तरांनी आपली चिठ्ठी जाड कागदावर लिहिली होती, शाळेतल्या सवयीने. बोटांनी केसाएवढा फरक ओळखण्यावरच माझं पोट आहे. टोपात हात घातल्याबरोबर मला दोन्ही कळल्या होत्या. बेकरीवाली अध्यक्ष झाली असती तर तिला पाच वर्षं मान वर करायला सवड नसती, मग माझ्याशी लग्न करायला कुठून मिळणार? हे मी तिला काल सांगितलं. तिने हातांचं पीठ झटकलं. मग म्हणाली, मीही हेडमास्तरांनाच मत दिलं होतं. स्वतःचंच नाव लिहायची लाज वाटली.

तेव्हा तिकडे तू माझ्यासाठी जे स्थळ पक्कं केलं आहेस, ते कृपा करून मोडून टाक. माझं मत तू विचारलं नव्हतंस, हे मला माहीत आहे. तरी कळवतो आहे.