भिंतीपलीकडचा फोन

प्रिय श्रुतिका,

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझं सगळं बदललं. तुझ्या मैत्रिणीचा, उत्तराचा, आवाज माझ्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून आला. तुला तुझ्या फोनवर काही ऐकू येईना, म्हणून तू आवाज वाढवून तिचा मेसेज पुन्हा लावलास. तो पुन्हा माझ्याकडेच वाजला, भिंतीपलीकडे तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग तुमच्याकडे एकदम शांत झालं आणि तुझा फोन माझ्या स्क्रीनवरून गेला. ब्लूटूथ बंद केलंस. म्हणजे तुला कळलं. त्यानंतर तुमच्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू आलेलं नाही.

चुकून झालं असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तुला एफवायचा प्रोजेक्ट आठवतो? फोटो टाकायला केबल मिळेना, म्हणून तू फोन घेऊन आमच्याकडे आलीस. दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे आले. तू वाचलेस, मी ताडून पाहिले आणि दोघांनी 'हो' दाबलं. फोटो यायला अर्धा तास लागला. आईने केलेली घावनं खात तू म्हणालीस, "तुझा पीसी म्हणजे बैलगाडी आहे, यार." त्याच दिवशी तू गेल्यावर मी सेटिंगमध्ये एक खूण करून ठेवली, फोन जवळ आला की आपोआप जोडायचा. तुला सांगितलं नाही. तेव्हापासून तू घरी येऊन भिंतीलगतच्या कॉटवर बॅग टाकलीस की माझ्याकडे टुंग वाजतं. त्या टुंगसाठी मी मुलुंड स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून, लोकांचे फुटलेले स्क्रीन तसेच टाकून, सातच्या आत घर गाठायचो. आई म्हणायची, "त्या डब्याक काय चिकटून बसलंस, तो काय पोटाक घालतलो?"

मंगळवारी मी आणखी एका चौकटीत खूण केली, तुझ्या फोनचा आवाज माझ्या स्पीकरवर घेण्याच्या. लग्न ठरल्यापासून तू कुठली गाणी ऐकतेस ते कळावं, एवढंच हवं होतं.

आणि आली उत्तरा. "अगं, किती घाबरशील त्या सुयोगला? त्याच्यापासून लांब जायला म्हणून तर लग्नाची घाई केलीस ना? एकदा चेंबूरला सासरी गेलीस की सुटलीस. रविवारी साखरपुड्यात त्याने राडा केलाच तर आम्ही आहोत. आणि हसायचं असेल तर आमच्याकडे ये. स्वतःच्या घरात हसायची चोरी, हे काय यार?"

दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा आईनेही ऐकलं. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाठ करून भांडी घासायला घेतली. मला शिव्या चालल्या असत्या.

मला वाटायचं, तू भिंतीपलीकडे हळू बोलतेस ते लाजून. कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं, असं सगळ्यांना छाती फुगवून सांगत फिरलो. कँटीनमध्ये प्रीतम तुझ्याबद्दल काहीबाही बोलला, मी त्याचं डोकं टेबलावर आपटलं. प्राचार्यांनी माफीपत्र मागितलं, तर तो कागद त्यांच्यासमोर फाडून निघालो. तू बाहेर पायरीवर रडत होतीस. मला वाटलं, माझ्यासाठी. तुझ्या ओढणीला प्रीतमचं रक्त लागलं होतं आणि तू ते रुमालाने पुसत होतीस. तेव्हा ते मी पाहिलं होतं, पण मंगळवारपर्यंत कधी आठवलं नाही.

रविवारी मी तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, हर्षदला, जिन्यात गाठणार होतो. शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तिचं माझ्यावर प्रेम आहे, तुम्ही मधे पडू नका, असं त्याला सांगणार होतो. हात उचलणार नव्हतो. पण प्रीतमशी बोलायला उठलो तेव्हाही हात उचलणार नव्हतोच.

तू घाबरू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. मी कांदिवलीला धोंडूमामाकडे चाललोय. तुझं लग्न होईपर्यंत इकडे फिरकणार नाही. आई हे पत्र तुझ्या हातात देईल. माझ्या यादीतून तुझा फोन काढून टाकला. जोडताना दोघांचा 'हो' लागला होता, काढायला माझं एक बोट पुरलं. तुझ्या फोनमध्येही माझ्या कॉम्प्युटरचं नाव असेल, ब्लूटूथच्या यादीत जाऊन तेवढं काढ. माफी मागत नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. रविवारी भिंतीच्या अलीकडे फक्त आई असेल. मोठ्याने हस. हे शेवटचं उभ्यानेच लिहितोय, बॅग खांद्यावर आहे. मी दार आपटलं की तुमच्या देवघरातली घंटा हलते, असं तू एकदा म्हणाली होतीस. आता बाहेर पडून मी ते कडी धरून सावकाश ओढून घेईन. तुला ऐकू येणार नाही.

तुझा शेजारी,
सुयोग