अर्ध्यावरचा काटा

चि. जावईबापूंस,

तुमच्या सासूचे भरघोस आशीर्वाद. तिथलं पाणी एव्हाना मानवलं असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि बोगद्यात उतरताना डोक्यावर टोपी घालत असाल असं धरून चालते. (न घालणारे कोण असतात ते मला ठाऊक आहे. मी सगळा जन्म शाळेत खेळाची बाई म्हणून काढला आहे.) इकडे सगळं क्षेम. बाळ-बाळंतीण दवाखान्यात ठणठणीत आहेत. तुमची मुलगी झोपते, उठते, ओरडते आणि पुन्हा झोपते. आवाज माझ्यावर गेलाय असं नर्सचंही म्हणणं पडलं. यांचीही तब्येत बरी आहे, कपाळावरचं टेंगूळ उतरतंय. टेंगूळ कसलं, ते पुढे येईलच.

पत्र लिहिण्याचं कारण असं की, परवा फोनवर तुम्ही ‘रविवारी येतोय आई, दोघींना घरी आणायला एक चांगली गाडी सांगून ठेवलीय’ असं म्हणालात आणि तुमची रेंज बोगद्यात गेली. रेंज गेली, पण ‘चांगली’ हा शब्द माझ्या कानात राहिला आणि तेव्हापासून टोचतोय. आमच्याकडे गाडी आहे, जावईबापू. तुमची बायको जन्मली तेव्हाही हीच होती. तिला घरी आणली ती याच गाडीतून, आणि चालवत कोण होतं? मी. अंगावर टाके असताना. कारण तुमच्या सासऱ्यांना सायकलच्या पलीकडे काही चालवता येत नाही आणि त्या दिवशी तर त्यांना उभंही राहता येत नव्हतं. बाळ यांच्या मांडीवर दिलं आणि मी गाडी घरी आणली. तेव्हा मी काही मागायला हे पत्र लिहीत नाहीये, मागणं माझ्या स्वभावातच नाही. पोरीला दवाखान्यात कसं नेलं ती हकीकत तुमच्या सासऱ्यांच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचण्याआधी माझ्याकडून पोचावी, एवढाच हेतू.

आता ही गाडी नीट समजून घ्यायची तर तिच्या खोडी समजून घ्यायला हव्यात. तुम्ही त्यांना बिघाड म्हणता. तुम्ही इंजिनियर आहात, तुमचा दोष नाही. डावीकडचं मागचं दार आधी उचलायचं, मग कमरेनं एक दणका द्यायचा, की लागतं. ब्रेक दोनदा दाबायचा: पहिल्यांदा गाडीला कळवायचं, दुसऱ्यांदा थांबवायचं. हॉर्नला दमट हवेत दम लागतो, म्हणून शाळेतली माझी शिट्टी आरशाला टांगलेली असते. आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. टाकी काठोकाठ भरा नाहीतर कोरडी करा, तो आपला अर्ध्यावर. इतका स्थिर स्वभाव मी घरातसुद्धा कुणाचा पाहिला नाही. काटा बघून पेट्रोल भरायची सोयच नव्हती, म्हणून मी दर शनिवारी न चुकता पंपावर जात आले, आणि आमची गाडी पेट्रोलवाचून कधी म्हणून थांबली नाही.

पार्टांचं म्हणाल, तर आमच्या मिस्त्रीकडे तीन प्रकार मिळतात. एक ‘ओरिजिनल’, एक ‘ओरिजिनलसारखा’ आणि एक ‘चालून जाईल’. हा माणूस मोठा बढाईखोर आहे, पण बोलतो असा की ऐकत राहावं. एकदा त्यानं पाण्याचा पंप छातीवर हात ठेवून ओरिजिनल म्हणून बसवला. मी चष्मा लावून बघितलं तर कंपनीच्या नावातलं एक अक्षर गायब. विचारलं, तर म्हणे छापताना घाई झाली असेल. तो पंप पुढच्या सुट्टीपर्यंतही टिकला नाही. मग ‘ओरिजिनलसारखा’ घातला, तो गळायला लागला, मग ‘चालून जाईल’ घातला आणि तो मात्र चालून गेला. हिशेब मांडला तर या तिघांच्या पैशांत खराखुरा कंपनीचा पंप आला असता, हे मला कळत नाही असं समजू नका. पण एका वेळी एकदम मोठा आकडा ऐकण्यापेक्षा छोटा आकडा तीनदा ऐकलेला माझ्या प्रकृतीला मानवतो. आणि खरं सांगायचं तर गाडी मोडकी असेल, पण तिच्यातला एकेक खिळा मी माझ्या पगारातून बसवलेला होता. त्याचा मला अभिमान होता, आहे.

‘होता’ अशासाठी, की मागच्या खेपेला तुम्ही आलात, बॉनेटवर बोटानं टकटक केलंत, गोड हसलात आणि ‘आई, जरा एक चक्कर मारून आणतो’ म्हणून किल्ली घेऊन गेलात. तुमची ती चक्कर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. गाडी दारात आली तेव्हा मी आधी ओळखलीच नाही, कुणीतरी आपल्या फाटकासमोर पार्किंग केलंय म्हणून ओरडायला बाहेर आले होते. नवे ब्रेक, नवी बिजागरी, नवा बंपर, नवा हॉर्न, नवा काटा, आणि सगळं सीलबंद डब्यातलं, चमचमतं स्टिकर लावलेलं. लेक इथे राहायला येणार, वेळ पडली तर हीच गाडी हाताशी असणार, म्हणून केलंत. हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही. तुम्ही बिलाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. पण तुम्ही गेल्यावर त्या कंपनीच्या गॅरेजातून एका मुलीचा फोन आला, की मॅडम, आमच्या कामाला दहापैकी किती गुण द्याल? गुण द्यायला मला कधीच वेळ लागत नाही, पण मी आधी खर्च विचारला. तिनं सांगितला. मी खुर्चीवर बसले (खुर्ची तिथे होती हे नशीब). आकडा इथे लिहीत नाही, पत्राला जास्तीचं तिकीट लागेल. तिला म्हटलं, गुण परीक्षा झाल्यावर देतात.

परीक्षा गेल्या सोमवारी झाली. दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. तुम्ही सांगून ठेवलेल्या ड्रायव्हरला फोन केला तर तो ‘निघालोच’ म्हणाला, आणि ‘निघालोच’ म्हणणारा माणूस अंघोळीला बसलेला असतो हा माझा अनुभव आहे. मी किल्ली उचलली. लेक मागे बसली, हे पिशवी पोटाशी धरून तिच्या शेजारी. मी सवयीनं दार उचललं आणि कमरेनं दणका दिला. तुमच्या नव्या बिजागरीला दणक्याची अपेक्षा नव्हती. दार असं आपटलं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि खिडकीची काच दाराच्या पोटात निघून गेली, ती अजून वर आलेली नाही. पुढे चौकात एक म्हातारेबुवा आडवे आले. मी ब्रेक कळवण्यापुरता दाबला, तर गाडी जागच्या जागी उभी. लेकीनं सीट घट्ट धरली होती, पण यांचे दोन्ही हात पिशवीला, त्यामुळे कपाळ थेट माझ्या सीटच्या दांड्यावर. (टेंगूळ ते हे.) मग पुढच्या सिग्नलला पुन्हा. तोवर यांनी पिशवी कपाळाशी धरायला सुरुवात केली होती. मी कितीही ठरवलं तरी पाय ऐकेना. इतक्या वर्षांची सवय चार दिवसांत कशी जाणार? पार्ट ओरिजिनल आले, पण माणसं जुनीच होती ना.

एवढ्यात यांनी हळूच म्हटलं, ‘अगं, काटा पार खाली गेलाय.’ मी सांगितलं, तो नवा आहे, त्याला आपली गाडी माहीत नाही, त्याच्याकडे बघू नका. आणि दवाखान्याची पाटी दिसायला लागली तशी गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. हे म्हणाले पेट्रोल. मी म्हटलं दम लागलाय तिला. हा वाद घालायची ती वेळ नव्हती.

आता नीट वाचा, कारण हे तुमची बायको तुम्हाला सांगणार नाही. आमच्या घरात गाडी बंद पडली की कुणी बोलत नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली असते. मी स्टिअरिंगवर, हे मागे उजवीकडे आणि लेक डाव्या दिव्यापाशी. शाळेत असल्यापासून तिची ती जागा. तिच्या तळहातानं दिव्याखालचा रंग उडाला होता, तो तुमच्या कंपनीवाल्यांनी नवा मारून झाकला. तर मी आरशात बघते तो काय, मागची सीट रिकामी! हे उजवीकडे आणि डावीकडे दिव्यापाशी, भर रस्त्यात, दोन कळांच्या मधल्या सवडीत, पोट सांभाळत, हात बरोबर जागेवर ठेवून आमची लेक उभी. आणि माझ्यावर ओरडतेय, ‘आई, न्यूट्रलला टाक!’

मी पाहतच राहिले. खोटं कशाला बोलू, रडू आलं मला, पण अभिमानानं. मग भानावर येऊन बाहेर उडी मारणार तेवढ्यात आख्खा रस्ता धावला. फळवाला आला, रांगेतले रिक्षावाले आले, टाय लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी तिला हाताला धरून बाजूला घेतलं, तर ही त्यांनाच शिकवते, ‘काका, बंपरला नका लावू हात, सैल आहे, दिव्यापाशी लावा.’ (बंपर सैल नव्हता, तोही तुम्ही नवा बसवलेला. पण हे तिच्या हातांना कुठे ठाऊक!) दोन बायकांनी तिला जवळजवळ उचलून पुन्हा सीटवर बसवलं आणि सगळ्यांनी मिळून असा रेटा दिला की गाडी इंजिनावरसुद्धा कधी तेवढी पळाली नसेल.

दवाखान्याच्या फाटकातून आत उतार आहे. फाटक बंद होतं. तुमचा नवा हॉर्न समोर असताना माझा हात शिट्टीकडेच गेला, आणि बरंच झालं. मी मैदानावर फुंकायची तशी फुंकली. फाटकावरचा वॉचमन माझाच जुना विद्यार्थी निघाला. शिट्टी ऐकल्यावर त्यानं वर बघितलंसुद्धा नाही, आधी फाटक उघडलं, मग सावधान उभा राहिला. भीती शंभर टक्के ओरिजिनल होती. गाडी उतारावरून निघाली ती थेट दवाखान्याच्या काचेच्या दाराकडे. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. आणि जावईबापू, गाडी थांबली. काचेत मला माझाच चेहरा दिसत होता, इतक्या जवळ. आमचे जुने ब्रेक असते, तर पहिला कळवण्यात गेला असता आणि दुसरा दाबेपर्यंत आम्ही औषधाच्या दुकानात असतो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चहा व्हायच्या आत तुम्ही बाप झालात.

दुसऱ्या दिवशी मी त्या गॅरेजातल्या मुलीला आपणहून फोन केला आणि गुण सांगितले. ब्रेक, दहापैकी दहा. दार, चार. काटा, शून्य, वर्तणूक असमाधानकारक. गाडी दवाखान्याच्या आवारात मानानं उभी आहे, येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे बोट दाखवून बोलतात. माझी लेक कळा सोसत गाडी ढकलायला उतरली, आणि माझ्या जावयानं बसवलेल्या ब्रेकनं तिला सुखरूप दारात उतरवलं. एवढा अभिमान मिरवायला मला एक तोंड पुरत नाही.

बाकी भेटीअंती. जेवत जा.

तुमची सासू
(सोमवारपासून आजीसुद्धा)

ता. क. : तुम्ही सांगितलेल्या त्या ‘चांगल्या’ गाडीला नको म्हणून कळवा. कळवा म्हणजे, मी कालच कळवलंय, तुमच्या नावानं. नातीला घरी मी नेणार. मागच्या वेळी बाळ यांच्या मांडीवर होतं आणि हे आख्खा रस्ता श्वास रोखून बसले होते. रविवारी ती जागा तुमची. श्वास घेतलात तरी चालेल.

आणखी एक ता. क. : येताना एक कॅन पेट्रोल आणा, पण पिशवीत घालून. त्या शनिवारी लेकीला बरं वाटत नव्हतं म्हणून मी पंपावर गेले नाही. काट्याचे गुण मी सुधारून कळवले आहेत, दहापैकी दहा. मात्र यांच्याशी त्या दिवसापासून माझा वाद चालू आहे आणि मी तो जिंकत आणलाय, तेव्हा मी यांना बाळाचं नाक कुणासारखं या विषयात गुंतवते, तेवढ्यात तुम्ही टाकीत ओता. मग मी किल्ली फिरवीन आणि म्हणेन, बघा, विश्रांती मिळाली.

शेवटचं : डावं दार आता उचलायचं नाही, कमर लावायची नाही. एका बोटानं ढकललं तरी लागतं. बाळ मांडीवर झोपलेलं असेल, म्हणून मी रोज संध्याकाळी खाली जाऊन सराव करतेय. कालपासून आवाज येत नाही.