आजऱ्याहून आलेलं, आजऱ्याला गेलेलं

प्रिय आबा,

आज भाऊबीज. सुमन माहेरी, जयसिंगपूरला भावाकडं गेलीय, घरात मी एकटाच आहे. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. आपण एका घरात राहायचो आणि बोलायचं असलं तरी बोलायचो नाही, मग लिहिणार कुठून? पण काल पाडव्याला जे झालं ते तुमच्या कार्डापायी झालं. ते तुमच्या कानावर घालायला पाहिजे, आणि त्यासाठी तुम्हाला मी सोडून दुसरं कुणी नाही.

तुम्ही श्रावणात गेलात, म्हणजे ही पहिली दिवाळी. आपल्यात अशा घरात फराळाची कढई चढत नाही. भावकी फराळ घेऊन येते, त्यातला वडीलधारा माणूस पहिला घास भरवतो, तेव्हा दुखवटा सुटतो. तुमच्यामागं वडीलधारे म्हणजे आजऱ्याचे बाळूकाका, तुमचे सख्खे धाकटे भाऊ. ते येणार का, हा एकच विषय महिनाभर घरात चालू होता. नेसरीचा रामभाऊ, तुमचा चुलत पुतण्या, म्हणाला, "न्हाय आलं तर मी हाय की." तसं चाललंही असतं. पण तुमचं भांडण तुमच्याबरोबर संपलं, की वारसाहक्कानं माझ्याकडं आलं, हे मला काकांच्या येण्या-न येण्यावरून कळणार होतं.

भांडण तरी कसलं? एका ग्रीटिंग कार्डाचं. बाहेर कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "खरं?"

आठवतं का, दसरा झाला की आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला दोऱ्या बांधून कार्डं लटकायची? तुम्ही सांगायचात, तुमच्या तरुणपणी नुसती लक्ष्मी, गणपती, दोन समया आणि खाली सोनेरी उठावाची अक्षरं असायची. माझ्या लहानपणी गुलाब आणि सूर्यास्त आले. मग चमकी आली, ती एकदा हाताला लागली की भाऊबीज उलटली तरी जायची नाही. मग उघडल्यावर किणकिण वाजणारी आली. ती तुम्हाला अजिबात पटली नाहीत. कार्डानं गप्प बसावं, असं तुमचं मत होतं. तुम्ही तिथं जाऊन सगळी कार्डं निरखून बघायचात आणि एकही न घेता परत यायचात. दुकानदार ओळखून होता. "मास्तर, झालं काय प्रदर्शन बघून?" म्हणायचा. तुम्हीही खुशाल "झालं" म्हणायचात.

कार्ड घेतलंत कधी तुम्ही? शाळेत ड्रॉइंग मास्तर, त्यामुळं विद्यार्थ्यांची कार्डं घरी ढिगानं यायची. तुळशीचं लग्न लागलं की तुम्ही कात्री काढायचात. चित्राचं पान वेगळं करून ठेवायचात, पुढच्या दिवाळीला ते जाड ड्रॉइंग पेपरवर चिकटवायचात, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी जायचं. तोवर चित्राच्या मागं एका कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं पाठवणाऱ्याचं नाव असायचं, म्हणजे ज्याचं त्यालाच जाऊ नये. पेपर चिकटवायच्या आधी तेवढं नाव खोडायचं, एवढी काळजी. आई वैतागायची. "लोक चिकट म्हणत्यात," म्हणायची. तुमचं उत्तर ठरलेलं, "चित्र चांगलं असलं तर ते एकाच घरात का कोंडायचं?" आम्हाला तेव्हा हे चिकटपणावरचं पांघरूण वाटायचं. आता वाटतं, तुम्ही खरंच तसं मानत होता. दोन्ही खरं असेल.

आणि तुमचे ते चार शब्द! पाकीट उघडं ठेवून झाकण आत खोचलं की तिकीट कमी लागायचं, पण मग आत चार-पाच शब्दांच्या वर लिहायचं नाही, असा पोस्टाचा नियम तुम्ही सांगायचात. ‘दिवाळीच्या शुभेच्छा, तुमचा दादा.’ संपलं. तो नियम तुम्ही बंद पाकिटातही पाळलात, आणि घरातही.

भांडणाच्या आदल्या वर्षी काकांनी आजऱ्यात काजूचा कारखाना काढला होता. नव्या घरातली त्यांची पहिली दिवाळी. त्यांनी मुद्दाम कोल्हापुरात येऊन भारीतलं कार्ड घेतलं, कातरकामाची समई आणि खाली जरीचा गोंडा. ते तुम्हाला पाठवलं. तुम्ही महिनाभर ते शोकेसमध्ये ठेवलं होतं, हे मी स्वतः बघितलंय. मग रिवाजाप्रमाणं कात्री चालली.

पुढच्या दिवाळीला ते कार्ड आजऱ्यालाच गेलं. काकांच्या नव्या घरी व्याही बसले होते, काकूंनी त्यांच्यासमोर पाकीट उघडलं, आणि त्यातलं कुणीतरी म्हणालं, "हे तर तुमचंच की वो, गेल्या सालचं." व्याह्यांच्या पुढं! संध्याकाळी काकांचा फोन आला. रिसिव्हरमधून त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "दादा, नको हुतं तर सांगायचं हुतं. माझी दिवाळी मलाच परत कशापायी धाडलासा?"

तुम्ही काही न बोलता रिसिव्हर ठेवलात आणि जेवायला बसलात.

आबा, एक वाक्य पुरलं असतं. "बाळू, मला दिसत नाही." मोतीबिंदू झाला होता, कोपऱ्यातलं पेन्सिलीचं नाव तुम्हाला दिसलंच नव्हतं. पण घरी तुम्ही ड्रॉइंगच्या परीक्षांचे क्लास घेत होता. मास्तरला दिसत नाही म्हटल्यावर पोरं कोण पाठवणार, ही भीती. आम्हालाही ऑपरेशनच्या वेळी कळलं. ठीक आहे, तोवर लपवलंत. पण ऑपरेशन झाल्यावर काय अडलं होतं? तेव्हा तर आजऱ्याच्या एसटीची पाटी तुम्हाला लांबून वाचता येत होती.

तरी तुम्ही आजऱ्याला गेला नाहीत. काकांनीही दिवाळीला येणं सोडलं. लग्नकार्यात यायचे, पंगतीत तुमच्यापासून लांब बसायचे. तुम्ही मला विचारायचात, "बाळू जेवला काय?" आणि ते मला विचारायचे, "दादा बरं हाईत का?" दोघांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि मी मधला पोस्टमन. स्मशानात त्यांनी तुम्हाला खांदा दिला आणि घरी न येता तिथूनच परत गेले. मला त्याचा राग आला होता. अजून थोडा आहे.

आता कार्डं कुठं राहिलीत? यंदा मी सहज महाद्वार रोडला बघून आलो. एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "पावणं, आता कार्ड कोण घेतंय? मोबाईल हाय की." खरं आहे. तुमची नात प्राजू म्हणते, आजोबा फॉरवर्डच करत होते, फक्त कात्रीनं. सकाळी मी पाठवलेली पणती दुपारी तिघांकडून फिरून मलाच येते आणि कुणाला काही वाटत नाही. तुम्ही थोडे लवकर जन्मलात, एवढंच म्हणायचं का?

तर काकांचं. सुमन रोज म्हणायची, "जावा की एकदा आजऱ्याला." मी म्हणायचो, दुखवट्याच्या घरानं बोलवायचं नसतं, त्यांनी आपणहून यायचं असतं. एकदा ती म्हणाली, "तुम्ही बी आबाच." ते मला लागलं. तरी मी गेलो नाही.

काल पाडव्याला सकाळी रिक्षा थांबली. काठी टेकत बाळूकाका उतरले, मागं त्यांचा मुलगा, हातात फराळाचा डबा. आत आले, तुमच्या फोटोपुढं उभे राहिले. मग सुमनला म्हणाले, "कढई पालथी हाय म्हणून फोन केलतीस न्हवं? आलो बघ." मला न विचारता तिनं फोन केला होता. बरं केलं.

त्यांनी करंजीचा घास माझ्या तोंडात घातला. दुखवटा सुटला. मग मी डोळ्यांचं सांगायला सुरुवात केली, इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"म्हाईत हाय मला. पावणं गेल्यावर त्याच रात्री कळलं. कार्डातल्या ओळी वाकड्या हुत्या रं. दादांची रेघ कवा वाकडी गेली न्हवती."

मी विचारलं, "मग काका, आला का नाहीत?"

बराच वेळ ते डब्याचं झाकण लावत बसले. लागत नव्हतं.

"मी म्हटलं, मोठं हाईत, तेच सांगतील. त्यांनी सांगिटलं की जायाचं." मग म्हणाले, "वाट बघण्यातच गेलं की समदं."

आबा, तुम्ही वाट बघत होता ती त्यांचा राग मावळण्याची. आणि राग तर पहिल्याच रात्री मावळला होता. हे ऐकून मला तुमची कीव आली. त्यांचीही आली. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

निघताना काकांनी रिक्षात बसून माझा हात धरला. "संज्या, पुढल्या दिवाळीला मला एक कार्ड धाड. कुणाचं बी चालंल. माझंच मला धाडलंस तरी चालंल."

धाडणार आहे, आबा. दुकानात मिळालं नाही तर तुमच्यासारखं कापून, चिकटवून. त्यांच्या हयातीत दर दिवाळीला जाईल. आणि कधी काही चुकलं, त्यांना राग आला, तर सकाळच्या पहिल्या एसटीनं आजऱ्याला जाईन आणि दारात उभं राहून सगळं सांगेन, चार शब्दांत न बसणारं. वाट बघत बसणार नाही. हा शब्द मी तुम्हाला देतोय, पण खरं तर तो सुमनला द्यायला पाहिजे. ती संध्याकाळी येईल तेव्हा देतो.

तुमचा,
संजू