देव विचार करतोय

बाबा, तुमची लेक या वयात स्पॅनिश शिकतेय. हसा खुशाल. शाळेतून निवृत्त झाले, मागोमाग हेही गेले, आता घरात बोलायला आहे कोण? मच्छीवाली तेवढी दारात विचारते, "बाय, एकच बांगडा काय घेतेस गो?" मुलगा स्पेनमध्ये, बायको तिकडचीच केलीय त्याने, एक नातही आहे. दर रविवारी दुपारी फोनवर म्हणतो, "आई, रत्नागिरीचं घर विकून टाक, इकडे कायमची ये. ठरलं का?" मी म्हणते, "विचार करतेय रे."

शिकवणारी पुण्याची पोरगी आहे, मोबाईलवर दिसते, मला काकू म्हणते. परवा तिने दोन क्रियापदं घेतली. पेन्सार म्हणजे डोक्यात घोळवणं, उलटसुलट विचार करणं. क्रेएर म्हणजे मानणं, विश्वास ठेवणं. "पण काकू, 'मला वाटतं' म्हणायला दोन्ही चालतात, तिथेच घोटाळा होतो. क्रेएरमध्ये पक्की खात्री नसली तरी माणूस मनाने एका बाजूला गेलेला असतो." मग दोन्हींची वाक्यं लिहायला सांगितली. वही उघडली आणि तुम्हीच समोर आलात.

माझी बारावी झालीय, मला रत्नागिरीला डी.एड.ला जायचंय, फॉर्मचा शेवटचा दिवस आहे. आपल्या गावात देवाला कौल लावल्याशिवाय कोणी मुंबईची गाडीसुद्धा धरत नाही. गुरव देवाच्या अंगावर दोन्हीकडे फुलं लावतो. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर नको. तास गेला, दीड तास गेला, एकही पडेना. आई म्हणाली, "देवाच्या मनात नाय, चला घरी." मला रडूच फुटलं. तुम्ही चपला घातल्यात आणि मला थेट एसटीच्या थांब्यावर नेलंत. "त्यानं नको कुठं म्हटलान? इचार करतोय तो. त्याचा होईतवर आपण फॉर्म भरून येऊ." जन्मभर देवाला मानणारा माणूस, त्या दिवशी त्याच्याआधी तुम्ही मला मानलंत. मला तेव्हा कसलं कळतंय! खिडकीची जागा मिळाली म्हणून मी खूश होते.

वहीत पेन्सारची पाच वाक्यं झाली, क्रेएरचं एक होईना. "माझा मुलगा मला मनापासून बोलावतोय, असं मी मानते." एवढंच लिहायचं होतं, शब्दही येत होते. पण हात चालेना, आणि स्वतःचाच राग आला. पोटच्या पोरावर विश्वास बसत नाही म्हणजे काय, बाबा? हे मी कोणाला विचारू? फार एकटं वाटलं. वही मिटून भांडी घासायला घेतली.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून खरं सांगते. सगळ्यांना मी सांगितलंय की नातीशी बोलायला शिकतेय. पण तो पहिल्यांदा "ये" म्हणाला, तेव्हा मागून सून चार शब्द बोलली आणि तो एकदम गप्प झाला. ती काय म्हणाली ते कळावं, म्हणून मी हा क्लास लावला. आता तिचं बोलणं थोडंथोडं कळायला लागलंय. आणि मागून तिचा आवाज आला, की मी "गॅसवर दूध आहे रे" म्हणते आणि फोन ठेवून देते.