वाळू माझी, ठराव साडूंचा

३ मार्च
किनारा समितीचं अध्यक्षपद साडूंना. मला हेवा वगैरे नाही. आम्ही दोघंही नगरसेवक, दोघांचे वॉर्ड समुद्राकाठी. पण वाळूतलं कळतं मला, साडूंना येतं फक्त हसता. निश्चय: उद्यापासून चेहरा प्रसन्न ठेवायचा.

४ मार्च
जबडा दुखतोय.

७ मार्च
किनारा इतका झिजलाय, की पाणी सासूबाईंच्या कुंपणाला लागलं. साडूंनी पँट दुमडून, पाण्यात उभं राहून फोटो काढून घेतला. मीही उतरलो, तोवर फोटोग्राफर गेलेला. बूट फुकट गेले. बायको म्हणाली, "भाऊजी किती धावपळ करतात!" मी तिच्या शेजारीच निथळत होतो.

११ मार्च
मीटिंग. झिजलेल्या किनाऱ्यावर नवी वाळू टाकायची, निम्मा खर्च सरकार देणार. अट एकच: वाळू कुठून आणायची ते महिनाअखेरपर्यंत ठरवा, नाहीतर अनुदान शेजारच्या गावाला. साडू म्हणे, खाणीतून ट्रकने आणू. मी म्हटलं, बंदराच्या तोंडाशी साचलेली वाळू दरवर्षी उपसून खोल समुद्रात टाकतो, तीच पाइपने इकडे घ्या. पालिकेच्या इंजिनिअरबाई म्हणाल्या, "दाणाही आपल्या वाळूसारखाच आहे. उत्तम!" साडूंचा चेहरा बघण्यासारखा. बघितला. दोनदा.

१९ मार्च
साडू घरी आले. म्हणाले, "तुमचंच बरोबर. ठराव मी स्वतः मांडतो." बायको कौतुकाने बघत राहिली. त्यांच्याकडे!

२० मार्च
डाव ओळखला. सूचना माझी, ठराव त्यांचा, वाहवा त्यांची. तेव्हा विरोध करायचा. तत्त्वासाठी. तत्त्व कोणतं ते सभेपर्यंत सुचेल.

२८ मार्च
पाऊण तास बोललो. बंदराच्या वाळूतले शिंपले लहान मुलांच्या पायाला टोचतील इ. इंजिनिअरबाईंनी विचारलं, "पण सूचना तुमचीच होती ना?" म्हटलं, माणसाने अभ्यास वाढवत राहावं. मतं समसमान, शेवटचं माझं. विरोधात हात वर केला. ठराव पडला. प्रेक्षकांत सासूबाई होत्या, हे नंतर कळलं. हरकत नाही. परवा मी स्वतःच नवा ठराव आणतो.

३० मार्च
सभाच नाही. कोरम भरला नाही. साडू सगळ्यांना सभेला या म्हणून फोन करत होते म्हणे. मीही करणार होतो.

२ एप्रिल
अनुदान शेजारच्या गावाला. त्यांना वाळूतलं काय कळतं?

९ एप्रिल
पाणी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरलं. सामान हलवलं. कपाटाचं एक टोक साडूंनी धरलं, एक मी. म्हटलं, सासूबाई, आमच्याकडे चला. "बघू," म्हणाल्या आणि साडूंच्या गाडीत बसल्या. बायकोही सोबतीला गेली. दोन दिवसांसाठी.

१४ एप्रिल
बायको आली नाही. फोन केला, साडूंनी उचलला. म्हणाले, "अहो, जेवायलाच या. सगळे थांबलेत." गेलो. ताट वाढून ठेवलेलं. साडूंनी आग्रह करकरून वाढलं. वाळूचा विषय कुणीच काढला नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.