आठवा क्रमांक

प्रिय मामा,

येत्या शनिवारी घरच्या मैदानावर मोसमाचा पहिला फुटबॉल सामना आहे आणि उद्या दुपारपर्यंत क्लबच्या पुस्तिकेतले ‘यंदाचा अंदाज’ हे पान छपाईला द्यायचे आहे. एकोणीस वर्षे ते पान तुमचे होते. यंदा माझ्याकडे आले आहे. दहाही संघांवरचे परिच्छेद लिहून झाले. फक्त आपल्या संघापुढचा आकडा भरायचा राहिला आहे. तो भरण्यापूर्वी तुमच्याशी बोलणे मला भाग आहे, कारण गेल्या वर्षी त्याच आकड्याला मी तुम्हाला न विचारता हात लावला होता.

तुम्ही मला पहिल्यांदा मैदानावर नेलेत तो दिवस आठवतो? साताऱ्याहून या परदेशी गावात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. संख्याशास्त्राच्या पदवीत पहिली आले होते, पण बसमध्ये तिकीट मागण्याआधी इंग्रजी वाक्य मनात तीनदा घोकत असे. समुद्राकडून येणारा वारा, चारशे माणसांचा आरडाओरडा, आणि मी मांडीवर पुस्तक उघडून बसलेले! तुमच्या शेजारच्या खुर्चीतल्या मोरागबाईंनी विचारले, की सामन्यापेक्षा पुस्तक बरे आहे का. मी प्रामाणिकपणे हो म्हणाले. त्या तुमच्याकडे वळून म्हणाल्या, “डॉक, ही खरं बोलते. हिला आणत जा.”

प्रेक्षकांच्या त्या स्टँडमधल्या निम्म्या लोकांचे दात तुम्ही काढले होते, उरलेल्यांचे बसवले होते. तरीही तुमच्या अंदाजाची टिंगल करण्यात कोणी मागे राहत नसे. का राहावे? दरवर्षी तुम्ही आपल्या संघाला पहिला क्रमांक देत होतात आणि दरवर्षी आपण सहाव्या-सातव्या जागी धापा टाकत पोहोचत होतो. मामी म्हणायच्या, दात बघून माणसाचे वय ओळखणाऱ्याला इतक्या वर्षांत आपला संघ ओळखता येऊ नये म्हणजे कमाल आहे.

शिवाय क्लबची ती रीत! अंदाज लिहिणाऱ्याने तो पहिल्या सामन्याआधी चहाच्या खोलीत उभे राहून सर्वांना वाचून दाखवायचा, आणि मे महिन्यात मोसम संपला की तेच पान, शब्दही न गाळता, पुन्हा वाचायचे. दरवर्षी मे महिन्यात तुम्ही “पहिले” हा शब्द उच्चारलात की खोलीत हशा पिकायचा. त्यात सर्वांत मोठा आवाज तुमचाच असे. मला मात्र दर वेळी वाईट वाटायचे.

गेल्या उन्हाळ्यात तुमचा हात थरथरू लागला आणि पान टंकायचे काम माझ्याकडे आले. तुम्ही मराठीत सांगायचे, मी ते इंग्रजीत उतरवायचे. चाळीस वर्षे इंग्रजीत दवाखाना चालवलेल्या माणसाला भाषांतरकार कशाला हवा, हे मला तेव्हा कळले नाही. आज कळते. माझी भीड मोडावी म्हणून तुम्ही ते नाटक रचले होते ना?

आणि मी काय केले? तुम्ही सांगितलेत, “आपण पहिले.” मी लिहिले, आठवे. मधले संघ एकेक पायरी वर सरकवले आणि तुमचे एक वाक्य गाळले. माझ्यापाशी कारणे होती: शेवटच्या पाव तासात खाल्लेले गोल, दमलेली मधली फळी, बाहेरगावच्या प्लास्टिकच्या गवताच्या मैदानांवर उडणारी आपली गाळण. आठवा हा आकडा चोख होता. तुमचे हसे होऊ नये, एवढाच हेतू होता, असे मी स्वतःला सांगितले. पण खरे सांगू? चुकीचे उत्तर समोर दिसत असताना गप्प बसणे मला शाळेपासून कधी जमले नाही.

तुम्ही छापलेले पान हातात घेतलेत, चष्मा वर केलात, चष्मा खाली केलात, आणि चहाच्या खोलीत ते जसे होते तसे वाचलेत. “आठवे.” कोणी हसले नाही. एकाने ओरडून विचारले, “डॉक, श्रद्धा गेली की काय?” तुम्ही नुसते हात वर केलेत. घरी येताना गाडीत मी तुमच्या रागावण्याची वाट पाहत होते. तुम्ही मला नव्या डाव्या बचावपटूविषयी विचारत राहिलात. का रागावला नाहीत, मामा? एक शब्द बोलला असतात तर मी तिथेच क्षमा मागितली असती. तुमच्या त्या शांतपणाने मला सहा महिने झोडपले.

फेब्रुवारीत इस्पितळात मामी संत्रे सोलत होत्या आणि माझ्या मांडीवर वही होती. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “पुढच्या मोसमात आपण पहिले. लिहून घे.” मी म्हणाले, “आधी बरे व्हा, मग लिहू.” वही उघडी होती, पेन हातात होते. मी लिहिले नाही. त्यानंतर तुम्ही फुटबॉलविषयी काही बोलला नाहीत.

तुम्ही गेल्यावर, मे महिन्यात आपण आठवे आलो. अगदी आठवे. तुमच्या जागी क्लबचे सेक्रेटरी अॅलिस्टर यांनी पान वाचले आणि त्या शब्दावर सगळी खोली उठून टाळ्या वाजवू लागली. मी दारापाशी उभी होते. मला वाटले, ज्या माणसाने आयुष्यभर पहिले म्हटले त्याला ही माणसे माझ्या आठव्यासाठी निरोप देत आहेत. मी कोट न घेताच बाहेर पडले.

म्हणून जुलैमध्ये अॅलिस्टरनी पान माझ्याकडे मागितले तेव्हा मी नकार दिला. मृताच्या भाचीला सहानुभूती म्हणून दिलेले काम मला नको होते. दुसऱ्या दिवशी मोरागबाई काठी टेकत दवाखान्याच्या वरच्या आपल्या घरी आल्या. माझ्याकडून पूर्ण कबुली ऐकून घेतली, चहात तीन चमचे साखर घातली आणि म्हणाल्या, “पोरी, आठवा आकडा तुझा होता हे अख्ख्या स्टँडला माहीत आहे. त्यानंच सांगितलं. पहिल्याच दिवशी, मध्यंतरात. तू चहाच्या रांगेत होतीस.”

मी विचारले, काय सांगितले?

“तो म्हणाला, ‘माझी भाची म्हणते आठवे, आणि तिचं गणित कधी चुकलेलं नाही.’ सगळा हिवाळा आम्ही तुला चुकीचं ठरवायला बसलो होतो. मेमध्ये टाळ्या तुलाच होत्या, आणि तू पळालीस!”

सहानुभूती कसली! त्यांना माझा आकडा हवा होता. मी अॅलिस्टरना होकार कळवला.

मामा, आता माझी तक्रार ऐका. साऱ्या गावाला सांगितलेत, मोरागबाईंना सांगितलेत, मामींनाही सांगितलेत; ते तर मला काल त्यांच्याकडूनच कळले. मलाच तेवढे सांगितले नाहीत! मी इतके दिवस जे ओझे वाहत होते, त्याची तुम्ही स्टँडमध्ये बढाई मारत होतात.

असो. यंदाचे ऐका, आणि मध्ये बोलू नका. आपला संघ चांगला आहे. हे मी तुमची भाची म्हणून म्हणत नाही. नवा गोलरक्षक उंच चेंडूला घाबरत नाही; सरावाच्या तिन्ही सामन्यांत तो पुढे येऊन चेंडू हातात घेत होता. तुम्ही ज्याच्याविषयी गाडीत विचारत होतात तो डावा बचावपटू टिकला आहे. दिवसा तो शाळेत कवायत शिकवतो आणि नव्वदाव्या मिनिटालाही पळतो. मधल्या फळीत दोन तरुण आले आहेत, म्हणजे शेवटच्या पाव तासाचे आपले जुने दुखणे यंदा बरे व्हावे. वरच्या विभागातून घसरून आलेला संघ सर्वांत बलवान आहे, हे मान्य. डोंगराकडचा संघ त्याच्या मैदानावर आपल्याला छळेल. पण छत्तीस सामन्यांचे गणित मी तीन वेगळ्या रीतींनी केले आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आले: चौथे. पहिला संघ थेट वर जातो; दुसऱ्या ते चौथ्याला वर जाण्यासाठी आणखी एक संधी मिळते. म्हणजे दार उघडे आहे, मामा. मी हे खात्रीने लिहिते आहे.

तरी तो आकडा लिहिताना हात अडला, कारण त्या जागी माझ्याआधी कोणीतरी उत्तर सांगून गेले होते. मग मी आज सकाळी तक्त्यात आणखी एक स्तंभ आखला. डावीकडे माझे गणित, उजवीकडे तुमचे मत. माझ्या खाली माझे नाव, तुमच्या खाली तुमचे. अॅलिस्टरना फोन करून विचारले, स्वतःहून, एकदाही न अडखळता. ते म्हणाले की, तुमच्या स्तंभाला दरवर्षी जागा राहील.

शनिवारी मी तुमचा मफलर घालून चहाच्या खोलीत उभी राहीन आणि दोन्ही स्तंभ मोठ्याने वाचीन. मे महिन्यात तेच पान पुन्हा वाचीन. माझे चुकले तर हशा माझ्या वाट्याचा, आणि या वेळी दारापाशी उभी राहणार नाही. गेल्या वर्षी गाळलेले तुमचे वाक्यही यंदा तुमच्या नावाखाली जसेच्या तसे आहे: “ज्यांना हसायचे आहे त्यांनी मेपर्यंत थांबावे, मी तोवर आनंदात आहे.” तुमचा एकही शब्द यापुढे मी बदलणार नाही.

आपण पहिले. लिहून घेतले, मामा.

तुमची,
मुक्ता